कर्ता कुठे गेला?

चौथीच्या वर्गात मी पहिल्यांदा फळ्यावर ‘गुलाम’ हा शब्द लिहून त्याचा अर्थ विचारला, तेव्हा अर्ध्याहून अधिक हात वर झाले आणि उत्तर एकच आले: पत्त्यांतला गुलाम, राणीच्या खालचा आणि दश्शीच्या वरचा. मे महिन्याच्या सुट्टीत गावी जाऊन मेंढीकोट आणि पाच-तीन-दोन खेळून आलेल्या मुलांकडून वेगळे उत्तर येण्याचे काही कारणही नव्हते. त्या उत्तरातली अडचण मला पुष्कळ उशिरा कळली. पत्त्यांतला गुलाम हा छापतानाच गुलाम म्हणून छापलेला असतो, त्याला कोणी गुलाम केलेले नसते; आणि माणसांच्या बाबतीतही मुले तसेच समजून चालतात, की जगात जसे सुतार आणि शिंपी असतात, तसे गुलाम नावाचेही काही लोक पूर्वी असत.

मी ठाण्यातल्या एका मराठी शाळेत गेली अनेक वर्षे चौथीला शिकवते. माझ्या वर्गात नौपाड्यातली मुले असतात, वागळे इस्टेटमधली असतात, खाडीपलीकडून कळव्याहून येणारी असतात आणि एखाद्या वर्षी येऊरच्या पाड्यावरचीही असतात. गुलामगिरी आणि वर्णद्वेष हा काही चौथीचा नेमलेला पाठ नाही. माझ्या वर्गात तो आला मधल्या सुट्टीतून. पन्हाळ्याच्या वेढ्याचा पाठ झाला की मुले मैदानावर तीच लढाई खेळतात, आणि त्या वर्षी सिद्दी जौहर, म्हणजे वेढा घालणारा आफ्रिकी वंशाचा सरदार, कोणी व्हायचे हे त्यांनी एकमेकांशी काही न बोलताच ठरवून टाकले होते. वर्गातला सर्वांत काळा मुलगा तीन दिवस सिद्दी झाला. चौथ्या दिवशी तो डबा घेऊन वर्गातच बसून राहिला आणि पोट दुखते म्हणाला.

मला वाटले, मुलांना खरा इतिहास सांगितला की ती आपोआप शहाणी होतील. म्हणून मी प्रोजेक्टरवर एक चित्र दाखवले. ब्रूक्स नावाच्या इंग्लिश जहाजाचा आराखडा आहे तो, १७८८ साली गुलामांच्या व्यापाराला विरोध करणाऱ्यांनी छापलेला. जहाजाच्या तळात साडेचारशेहून अधिक माणसे एकमेकांना चिकटून, हलायलाही जागा न ठेवता, ओळींनी निजवलेली त्यात दिसतात. मोठ्या माणसांची झोप उडवण्यासाठी ते चित्र काढले गेले होते आणि त्यांच्यावर त्याचा परिणामही मोठा झाला. नऊ वर्षांच्या मुलांवर झालेला परिणाम वेगळा होता. वर्गात एकही प्रश्न आला नाही, एक मुलगी बाकावर डोके टेकवून बसली, आणि दुसऱ्या दिवशी दोन बाकांच्या मधल्या जागेत पाच-सहा मुले एकमेकांवर आडवी पडून ‘जहाज जहाज’ खेळताना मला सापडली. सर्वांत खाली कोण होते हे सांगायला नको. मी त्या मुलाला आणखी एक भूमिका मिळवून दिली होती, आणि या वेळी ती त्याच्या बाईंनीच त्याला दिली होती. त्याची मी त्याच्याकडे आणि त्याच्या आईवडिलांकडे क्षमा मागितली. त्यानंतर वर्षभर मी या विषयाकडे वळले नाही.

पुन्हा वळले ती व्याकरणाच्या तासाला. कर्ता, कर्म, क्रियापद शिकवत होते. क्रिया करणारा तो कर्ता, ही व्याख्या मुलांची पाठ झाली होती. सरावासाठी वाक्ये देताना मी एका जुन्या टिपणातले वाक्य फळ्यावर लिहिले: ‘आफ्रिकेतून लाखो गुलाम अमेरिकेत नेले गेले.’ कर्ता शोधा म्हटल्यावर वर्ग घुटमळला, आणि मग मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “बाई, यात नेणारा कोणीच नाही.”

त्या तासाला आम्ही ते एकच वाक्य पाऊण तास दुरुस्त करत होतो. नेणारे कोण होते? पोर्तुगाल, ब्रिटन, फ्रान्स, स्पेन, हॉलंड अशा देशांतले व्यापारी आणि जहाजमालक. मग ते वाक्यात आले. पुढे एकाने विचारले की जहाजात चढवण्याआधी ही माणसे कोण होती, गुलामच होती का? नव्हती. त्यांत शेतकरी होते, लोहार होते, विणकर होते, कोणाची तरी आई आणि कोणाचा तरी धाकटा भाऊ होता. म्हणजे ‘गुलाम नेले’ हेही चूकच. शेवटी फळ्यावर जे वाक्य उरले ते असे: ‘युरोपातल्या व्यापाऱ्यांनी आफ्रिकेत माणसे विकत घेतली, त्यांना जहाजांत कोंडून अमेरिका खंडात नेले आणि तिथल्या मळेवाल्यांनी त्यांना गुलाम केले.’ त्यावर लगेच प्रश्न आला, की विकत घेतली तर विकली कोणी? हा प्रश्न टाळू नये असे माझे मत आहे. आफ्रिकेतल्या काही राजांनी आणि व्यापाऱ्यांनी लढाईत पकडलेली किंवा पळवून आणलेली माणसे किनाऱ्यावर आणून विकली, हे मी सांगितले. मुले गप्प झाली, पण ते गप्प होणे प्रोजेक्टरच्या दिवसासारखे नव्हते. ती विचार करत होती.

तेव्हापासून मी या विषयाची सुरुवात याच वाक्याने करते. मारहाणीची वर्णने, साखळदंड, चाबूक यांतले काहीही मी चौथीत दाखवत नाही. याचा अर्थ मी खोटे सांगते असा नाही. ‘त्यांना मारत असत का?’ असे मूल विचारते तेव्हा ‘हो, मारत असत’ एवढे उत्तर मी देते आणि तिथे थांबते. त्याऐवजी माणसाकडून काय काय हिरावून घेतले होते, याबद्दल आम्ही बोलतो, कारण नाव, आई, भाषा, शाळा आणि वाढदिवस या गोष्टींची किंमत नऊ वर्षांच्या मुलाला चाबकाच्या फटक्यापेक्षा अधिक नेमकी कळते.

वाढदिवसावरून मी फ्रेडरिक डग्लसची गोष्ट सांगते. अमेरिकेतल्या मेरीलँडमध्ये १८१८ च्या सुमारास तो जन्मला. त्याची आई गुलामगिरीत होती, म्हणून तोही जन्मापासून मालकाची मालमत्ता ठरला, आणि आपला जन्म कोणत्या दिवशी झाला हे त्याला आयुष्यभर कळले नाही. पुढे त्याने स्वतःच १४ फेब्रुवारी हा दिवस निवडला. आमच्या वर्गात वाढदिवसांचा तक्ता भिंतीवर लावलेला असतो, त्यामुळे हे ऐकून मुले त्या तक्त्याकडे बघतात. एका वर्षी एक मुलगा उठून म्हणाला, “बाई, माझ्या आजोबांचा वाढदिवसपण खोटाच आहे, १ जून!” आपल्याकडे किती घरांत हा १ जून आहे! शाळेत नाव घालताना गुरुजींनी अंदाजाने लिहिलेली ती तारीख. मग दोन्हींतला फरक आम्हीच शोधून काढला. आजोबांच्या घरी तारीख लिहिणारे कोणी नव्हते. डग्लसच्या मालकाकडे वह्या होत्या, हिशेब होते, लिहिणारेही होते, आणि तरीही मुलाला त्याचा दिवस सांगितला जात नव्हता. बाल्टिमोरला असताना सोफिया ऑल्ड नावाच्या मालकिणीने त्याला मुळाक्षरे शिकवायला सुरुवात केली, पण वाचायला आलेला माणूस गुलाम राहणार नाही म्हणून तिच्या नवऱ्याने ते बंद केले. मग या मुलाने रस्त्यावरच्या गरीब गोऱ्या मुलांना आपल्याकडचा पाव देऊन त्यांच्याकडून अक्षरे शिकून घेतली. १८३८ साली तो निसटला आणि पुढे गुलामगिरीविरुद्ध बोलणारा जगप्रसिद्ध वक्ता झाला. पाव देऊन अक्षर घेण्याचा प्रसंग मुलांना फार आवडतो, आणि त्या गोष्टीतल्या बहुतेक वाक्यांचा कर्ता डग्लस स्वतः असतो.

आकड्यांबाबत मी सावध असते. सुमारे साडेतीनशे वर्षांत आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून अंदाजे १ कोटी २५ लाख माणसांना जहाजांत चढवण्यात आले, आणि त्यांतली सुमारे १ कोटी ७ लाख जिवंत उतरली, असे इतिहासकारांचे अनुमान आहे. चौथीच्या मुलाला कोटी म्हणजे एकावर सात शून्ये, एवढेच माहीत असते. म्हणून मी ठाणे शहर घेते. २०११ च्या जनगणनेत ठाण्याची लोकसंख्या सुमारे १८ लाख होती. म्हणजे कोपरीपासून घोडबंदर रोडपर्यंतचे सगळे ठाणे जवळजवळ सात वेळा रिकामे झाले असते. यातली वजाबाकी मी मुलांना करायला लावत नाही. ती मोठ्यांनी करावी. समुद्रातच मेलेल्यांचा आकडाही एका ठाण्याएवढाच येतो.

कायद्याची गोष्ट मात्र मुलांना सांगावी, कारण अन्याय ओळखण्यात नऊ वर्षांचे मूल कोणाला हार जात नाही. ब्रिटिश संसदेने १८३३ साली आपल्या साम्राज्यातल्या बहुतेक वसाहतींमधली गुलामगिरी बंद करण्याचा कायदा केला आणि नुकसानभरपाई म्हणून २ कोटी पौंड दिले, एवढे सांगून मी विचारते की ते कोणाला मिळाले असतील. सगळा वर्ग एका आवाजात सांगतो, राबणाऱ्यांना. ते पैसे मालकांना मिळाले हे कळल्यावर जो गलका होतो, तो शांत करायला मला आजवर कधी घाई वाटलेली नाही. त्याच कायद्यातून ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख वगळलेला होता आणि आपल्याकडचा कायदा १८४३ साली आला, हेही मी जोडते. गुलामगिरी ही फक्त दूरदेशीची गोष्ट, असा समज होऊ नये एवढ्यासाठी.

आणि मग मलिक अंबर. शहाजीराजांच्या पाठामुळे निजामशाहीचा हा वजीर चौथीच्या मुलांना नावाने ओळखीचा असतो. तो इथिओपियात जन्मला, लहानपणीच विकला गेला, एका हातातून दुसऱ्या हातात जात बगदादमार्गे दख्खनेत पोहोचला, तिथे मोकळा झाला आणि अखेरीस मुघलांना वर्षानुवर्षे रोखून धरणारा निजामशाहीचा कर्ता पुरुष ठरला, हे ऐकून मुलांचे डोळे विस्फारतात. १६१० साली त्याने खडकी वसवली, तेच पुढचे औरंगाबाद आणि आजचे छत्रपती संभाजीनगर. तिथली नहर त्याचीच. पाण्याचे नळ जमिनीखालून नेणारा हा माणूस कळल्यावर मधल्या सुट्टीतल्या लढाईत सिद्दी कोणी व्हायचे यासाठी एकदा भांडण झाले. ते मी सोडवले नाही.

रुबी ब्रिजेसची गोष्ट मी बालदिनाच्या आसपास सांगते, कारण ती सहा वर्षांची कृष्णवर्णीय मुलगी अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्समधल्या गोऱ्यांच्या शाळेत पहिल्यांदा गेली तो दिवस १४ नोव्हेंबर १९६० हाच होता. तिच्यासोबत चार सरकारी मार्शल होते, इतरांनी आपली मुले शाळेतून काढून नेली, आणि बार्बरा हेन्री नावाच्या शिक्षिकेने वर्षभर तिला एकटीला शिकवले. मुलांचा पहिला प्रश्न दर वर्षी डब्याचा असतो: तिने डबा कोणाबरोबर खाल्ला?

एका प्रशिक्षणात मला असे सुचवण्यात आले होते की वर्गाचे दोन गट करून एका गटाला दिवसभर कमी लेखावे, म्हणजे भेदभाव मुलांना ‘अनुभवता’ येईल. ही कल्पना अमेरिकेतल्या जेन एलियट या शिक्षिकेची. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर लगेच, एप्रिल १९६८ मध्ये, तिसरीच्या वर्गात तिने डोळ्यांच्या रंगावरून असे गट पाडले होते. त्या बाईंच्या तळमळीबद्दल मला शंका नाही, पण मी हा प्रयोग करणार नाही. माझ्या वर्गातल्या काही मुलांना तो अनुभव घरापासून शाळेपर्यंतच्या रस्त्यावर रोज मिळतो. त्यांना तो वर्गात पुन्हा देण्याचा मला अधिकार नाही. ज्यांना मिळत नाही, त्यांना एका दिवसाच्या खेळात तो कळला असे वाटणे मला अधिक धोक्याचे वाटते.

त्याऐवजी आम्ही रंग कालवतो. चित्रकलेच्या तासाला मुले एकमेकांकडे ‘स्किन कलर’ मागतात, आणि तो खडू फिकट गुलाबी असतो. मी एकदा सगळ्यांना आपापल्या मनगटावर तो धरून बघायला सांगितले. चाळीस मुलांत तो एकाच्याही मनगटाशी जुळला नाही. मग पांढरा, पिवळा, तांबडा आणि तपकिरी जलरंग घेऊन प्रत्येकाने स्वतःचा रंग तयार केला आणि त्याला नाव दिले: गूळ, नाचणी, भिजलेली माती, दुपारचा चहा. सगळ्यांना तपकिरी लागला, कोणाला थोडा, कोणाला जास्त. त्वचेत मेलॅनिन नावाचा पदार्थ असतो आणि त्याच्या कमीजास्त प्रमाणावर हा सारा फरक ठरतो, हे सांगायला तो तास सर्वांत सोयीचा आहे.

त्या तासाला एक मुलगा आपल्या बहिणीबद्दल प्रेमाने म्हणाला, “ती काळी आहे पण हुशार आहे.” मी त्याला काही बोलले नाही. वाक्य फळ्यावर लिहिले आणि ‘पण’ला गोल केला. हा ‘पण’ इथे कशाला आला, असे विचारल्यावर बराच वेळ कोणालाच सांगता येईना. मग एक जण म्हणाला, तो काढून ‘आणि’ घालू या. आपल्या घरांत, लग्नाच्या बोलण्यांत, बाळ बघायला आलेल्या पाहुण्यांच्या तोंडी हा ‘पण’ आणि ‘असली तरी’ किती वेळा असतो, ते मी त्यानंतर मोजू लागले. मी स्वतःही तो वापरत आले होते, अगदी माझ्या भाचीबद्दल.

हे सगळे करताना दूरचे सांगून जवळचे लपवायचे नाही, अशी माझी धारणा आहे, आणि आपल्याकडे ही जोड नवी नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिले तेव्हा ते अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केले होते. बाबासाहेबांना साताऱ्याच्या शाळेत घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागे, आणि शिपाई नसेल त्या दिवशी पाणी मिळत नसे, हे मी सांगते. इथेही वाक्य दुरुस्त करावे लागते. ‘पाणी मिळत नसे’ यात न देणारा दिसत नाही.

ठाण्याचे म्हणून जे सांगायचे ते लग्नगड्याचे. आमच्या शाळेच्या भिंतीवर वारली चित्रे आहेत, मुले ती त्रिकोण जोडून सहज काढतात, आणि त्यांतला चौक लग्नाच्या वेळी काढतात हेही त्यांना माहीत असते. ज्या डहाणू-तलासरीच्या बाजूला ही चित्रे झोपडीच्या भिंतींवर निघत, तो भाग २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यातच होता. तिथले जमीनदार आणि सावकार वारली तरुणाला लग्नासाठी थोडे पैसे उसने देत आणि त्या बदल्यात नवराबायको दोघांना आयुष्यभर राबवून घेत. त्या माणसाला लग्नगडी म्हणत. भिंतीवर ज्या लग्नाचा चौक काढला, त्याच लग्नाने घरातली दोन माणसे दुसऱ्याच्या मालकीची होत. १९४५ साली किसान सभेच्या गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या साथीने वारल्यांनी वेठ नाकारली आणि लग्नगड्यांना मोकळे केले. वेठबिगारी देशभर बंद करणारा कायदा त्यानंतरही तीस वर्षांनी, १९७६ साली आला. माझ्या आजीच्या हयातीतली ही गोष्ट आहे, असे मी सांगते तेव्हा मुले बोटांवर वर्षे मोजतात.

याच भागानंतर एका वर्षी एक वडील मला भेटायला आले. ते रागावलेले नव्हते. म्हणाले, “बाई, तुम्ही सांगता ते बरोबर आहे. पण तुम्ही वर्गात सांगता तेव्हा सगळी मुले माझ्या मुलीकडे वळून बघतात. हे तिला मी घरी सांगणार होतो, माझ्या पद्धतीने, ती थोडी मोठी झाल्यावर.” मी इतकी वर्षे मुले घाबरतील का, मुले काय समजतील, याचा विचार केला होता; एखाद्या घराकडून त्यांची गोष्ट सांगण्याचा पहिला मान मी काढून घेते आहे, हे माझ्या ध्यानीमनीही नव्हते. मी त्यांना बसायला सांगितले आणि पुढच्या वर्षीपासून काय करावे हे त्यांनाच विचारले.

आता हा विषय सुरू होण्याआधी आठ दिवस मी दैनंदिनीतून सर्व पालकांना चिठ्ठी पाठवते. कोणत्या दिवशी काय सांगणार, कोणते शब्द वापरणार, कोणती चित्रे दाखवणार नाही, हे तिच्यात असते. कोणाला आधी घरी बोलायचे असेल तर मी तो भाग पुढे ढकलते, आणि दोनदा ढकललाही आहे. वर्गात कोणालाही आपल्या घराबद्दल, गावाबद्दल किंवा आडनावाबद्दल विचारले जात नाही, आणि कोणाला नाटकात पकडणारा किंवा पकडलेला केले जात नाही. चिठ्ठीचा मसुदा मी त्या वडिलांना दाखवला होता. त्यांनी तो दोनदा वाचला, माझे पेन मागून घेतले आणि खाली स्वतःच्या अक्षरात एक वाक्य लिहिले, जे मी दर वर्षी तसेच ठेवते: ‘आपल्या घरातल्या आठवणी मुलांना कधी आणि कशा सांगायच्या हे आपण ठरवावे, शाळा त्या विचारणार नाही, पण मुलाने आपणहून सांगितल्या तर बाई पूर्ण ऐकून घेतील.’